कीबोर्डखालची चिठ्ठी

मला तिचा हेवा वाटायला लागला तो दिवस मी नेमका सांगू शकते. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा, आणि लॅबमधली सगळी माणसं माझ्या खुर्चीमागे उभी राहून माझं काम बघत होती. फक्त ते काम मी करत नव्हते. मी बाजूला स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. स्क्रीनवर खिडक्या आपोआप उघडत होत्या, रकान्यांत आकडे पडत होते, सेव्हचं बटण आपोआप दाबलं जात होतं, आणि एक पेशंट बंद होऊन दुसरा उघडत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "आयला, भूत टाइप करतंय काय?" सगळे हसले, मीही हसले. मग पाण्याचं निमित्त करून उठले.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं रिपोर्ट भरत होते. रक्त तपासणारं मशीन आकड्यांची लांब पट्टी छापून देतं. ती पट्टी डाव्या हाताला ठेवायची आणि आकडे लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे. मशीन नवं होतं, सॉफ्टवेअर पुराणकाळातलं. ज्याने ते बनवलं तो कधीच दुसऱ्या धंद्याला लागला होता, त्यामुळे या दोघांना एकमेकांशी बोलायला लावणारं कोणी नव्हतं. मधला दुभाष्या म्हणजे मी. पेशंटची खिडकी उघडायची, नंबर, टॅब, टॅब, आकडा, एंटर. कुठल्या खिडकीत टॅब सात वेळा आणि कुठे नऊ वेळा, हे माझ्या बोटांना पाठ होतं. आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे लॅबच्या मालकीणबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्या हाताला डोळे आहेत." आणि सकाळचा पहिला चहा माझ्या टेबलावर यायचा. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण तो पहिला चहा मला फार आवडायचा.

ती आली नोंदणीच्या काउंटरवर. वय बेचाळीस-त्रेचाळीस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहणारी. कॉम्प्युटरचं शिकलेली, पण मुलगी झाल्यावर नोकरी सोडलेली. मुलगी मोठी झाली आणि घरी बसून कंटाळा आला, म्हणून आली. कंटाळा आला म्हणून नोकरी करणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. तिच्या डब्यात रोज वेगळं काहीतरी असायचं आणि ती ते सगळ्यांना वाटायची. मला त्याचाही राग यायचा, आणि तरी मी खायचे.

तेव्हा माझं मनगट धरलं होतं. पट्टा बांधून टाइप करायचे. एक दिवस ती काउंटरवरून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हे सगळं कॉम्प्युटरकडूनच करून घेता येईल. तुमचा हात तरी वाचेल."

तिने ते माझ्या हातासाठी केलं. हे मला तेव्हाही कळत होतं. माणूस आपल्या वाईटावर असता तर निदान मोकळेपणी भांडता आलं असतं.

तिने सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगते. पायथन नावाच्या भाषेत तयार हुकमांचा एक गठ्ठा मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातले हुकूम वापरून कॉम्प्युटरला सांगता येतं की अमुक नावाची खिडकी शोध, तिच्यातला तमुक रकाना शोध, त्यात हे लिही, हे बटण दाब. मशीन पट्टीबरोबर आकड्यांची फाइलही देत होतं, ती आजवर कोणी उघडलीच नव्हती. स्क्रिप्टने त्या फाइलमधून आकडे उचलायचे आणि माझ्यासारखेच, माझ्याच खिडक्यांमधून, एकेक करून भरायचे.

पहिला प्रयत्न फसला. तिने बटणांच्या जागा मोजून घेतल्या होत्या, डावीकडून इतकं, वरून इतकं. मधेच कोणीतरी खिडकी जरा सरकवली आणि एका बाईंचं हिमोग्लोबिन वयाच्या रकान्यात जाऊन पडलं. बाई साडेअकरा वर्षांच्या झाल्या. "कॉम्प्युटरला काय कळतंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. त्या संध्याकाळी डोंबिवलीला उतरून मी एकटीने शेवपुरी खाल्ली, वर एक्स्ट्रा शेव मागून.

दोन दिवसांनी ती नवीनच काहीतरी करून आली. आता ती जागा मोजत नव्हती. तिने एक हुकूम दिला आणि स्क्रीनवर भलीमोठी यादी आली. माझ्या खिडकीत जेवढी बटणं, रकाने, चौकोन होते त्या सगळ्यांची आतली नावं. बाहेर काहीही लिहिलेलं असो, प्रत्येकाला आत एक नाव असतं आणि त्या नावाने हाक मारली की खिडकी कुठेही सरकवा, बटण सापडतं. तिने बोट ठेवून दाखवलं, "हे बघा ताई, तुमचं सेव्ह. याचं आतलं नाव बटण सात."

अकरा वर्षं मी ते बटण दाबत होते. मला ते नाव माहीत नव्हतं, आणि तिला दोन दिवसांत कळलं. माझ्या घरात कोणीतरी माझ्या नकळत कपाटं उघडून बघावीत तसं मला वाटलं. "हो का," एवढंच म्हटलं आणि पट्टी सरळ करत बसले.

मग तीन दिवस ती माझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसली. तिला प्रत्येक खिडकी हवी होती. रोजच्या, आणि अधूनमधून अचानक उगवणाऱ्याही. कुठली कधी येते, तिच्यात काय दाबायचं, मग पुढे कुठे जायचं. ती लिहून घेत होती, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं. इतकं लक्ष देऊन माझं ऐकणारं माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. "बापरे ताई, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे?" ती म्हणायची. मी फुलायचे, आणि पुढच्याच क्षणी लक्षात यायचं की डोक्यातलं सगळं हिच्या वहीत चाललंय.

तिसऱ्या दिवशी ती खिडकी आली.

एखादा आकडा धोक्याच्या हद्दीबाहेर गेला, साखर चाळीसच्या खाली किंवा सोडियम एकशे वीसच्या खाली, की सॉफ्टवेअर लाल पट्टीची खिडकी काढतं आणि इंग्रजीत विचारतं, पेशंटच्या डॉक्टरांना कळवलं का? येस किंवा नो. खरं तर आधी फोन करायचा आणि मग येस दाबायचं. पण ती खिडकी समोर असेपर्यंत पुढचं काहीच उघडत नाही आणि डॉक्टर लोक पहिल्या रिंगला फोन उचलत नाहीत. म्हणून त्या खुर्चीवर बसणाऱ्यांची जुनी रीत अशी, की आधी येस दाबून मोकळं व्हायचं, पेशंटचा नंबर चिठ्ठीवर लिहून ती कीबोर्डखाली सरकवायची, आणि हातातली पट्टी संपली की सगळे फोन एकदम करायचे. माझ्या आधीच्या बाईंनी मला असंच शिकवलं होतं. डॉक्टरबाई सही करताना फक्त येसची खूण बघायच्या. खूण आहे म्हणजे फोन झालाय किंवा होतोय. अकरा वर्षांत माझी एकही चिठ्ठी कीबोर्डखाली राहिली नव्हती.

मी येस दाबलं. चिठ्ठी उजव्या हाताला होती, तिला दिसली नाही. तिने लिहून घेतलं, "लाल खिडकी, येस." मग पेन थांबवून विचारलं, "यानंतर काही करता का?"

मी स्क्रीनकडेच बघत होते. म्हटलं, "नाही. पुढे जायचं."

ती पुढे गेली. ती चहाला उठल्यावर मी चिठ्ठी काढून फोन केला.

का बोलले तसं, याचं उत्तर मला लगेच देता आलं असतं. एक तरी गोष्ट माझ्याकडे राहू दे, एवढंच वाटलं होतं. आणि त्या मंगळवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "तू जादूच केलीस गं," आणि दुसऱ्या दिवशी पहिला चहा काउंटरवर गेला, तेव्हा त्या एका गोष्टीला मी घट्ट धरून बसले. मला आता टाइप करायचं नव्हतं, फक्त पट्ट्या फाइलला लावायच्या होत्या. लावताना मी प्रत्येक पट्टी वरून खाली वाचायचे. धोक्याचा आकडा दिसला की मागच्या खोलीत जाऊन गुपचूप फोन करायचे. सहा आठवडे मी हे केलं. स्क्रिप्ट येस दाबत होती आणि ते येस खरं मी करत होते, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी मनाशी दिवससुद्धा योजत होते. कधीतरी सगळ्यांसमोर विचारायचं, "बाकी सगळं छान आहे, पण फोन कोण करतं?" आणि तिचा चेहरा बघायचा. तो प्रसंग मी इतक्या वेळा मनात रंगवला की त्यात मी कुठली साडी नेसली आहे हेही ठरलेलं होतं.

मग खंडेनवमी आली. नाक्यावर देवीचा मांडव, रस्ते बंद, ढोल, आणि आमच्याकडे मशीनची पूजा. मशीन, सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. शेवटी माझ्या कीबोर्डला कुंकवाचं एक बोट. ताट नेहमी माझ्या हातात असायचं, लॅबमध्ये मी सगळ्यांत जुनी म्हणून. मी त्या दिवशी पैठणी काठाची साडी नेसून गेले होते. डॉक्टरबाईंनी ताट उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "यंदा हिला करू दे. आता सगळं हिचंच आहे की."

ती गडबडली. "नको मॅडम, ताई करतात ना," असं म्हणालीसुद्धा. पण मी म्हटलं, "कर कर, छानच आहे," आणि ती वाकून माझ्या कीबोर्डला कुंकू लावत असताना डोकं दुखतंय असं सांगून बाहेर पडले.

तलावपाळीला जाऊन बाकावर बसले. एक वाजला, दोन वाजले. मी कणीस खाल्लं. मनातल्या मनात त्या दोघींना जे जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अडीचच्या सुमारास मला आठवलं की आज पट्ट्या कोणी वाचलेल्या नाहीत. सकाळच्या सगळ्या सँपलच्या पट्ट्या तोवर निघाल्या असणार. हे आठवल्यावर मी उठले असं लिहावंसं वाटतं. उठले नाही. म्हटलं, बघू दे त्यांना, सगळं हिचंच आहे ना. तासभर आणखी बसले. मग एकाएकी उठले आणि त्या गर्दीतून जवळजवळ पळत लॅबमध्ये आले.

पट्ट्या ट्रेमध्ये पडल्या होत्या. तिसरीवर सापडलं. आमच्या आंबिवलीच्या, रक्त गोळा करणाऱ्या सेंटरहून आलेलं सँपल, पुरुष, वय चौऱ्याहत्तर, सोडियम एकशे बारा. रिपोर्ट बारा चाळीसला गेला होता. खाली स्वच्छ छापलेलं होतं की डॉक्टरांना कळवलं आहे.

मी आंबिवलीला फोन लावला. सेंटरवरची बाई म्हणाली, "ते बाबा ना? सकाळी मुलगा घेऊन आलेला. थोडे बरळत होते, मुलगा बोलला रात्री झोप नाय झाली म्हणून. काय झालं ताई?" तिच्याकडून डॉक्टरांचा नंबर घेतला. त्यांनी तिसऱ्या वेळी उचलला. आकडा ऐकून ओरडलेच. "पण तुमच्या रिपोर्टवर मला बारा चाळीसला कळवलंय असं लिहिलंय! कोणी कळवलं? कोणाला कळवलं?"

मुलाने मोबाईलवर आलेला रिपोर्ट बघितला होता, आणि डॉक्टरांना कळवलं आहे म्हटल्यावर त्यांच्या फोनची वाट बघत बसला होता. म्हाताऱ्याला कल्याणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत रस्त्यात आकडी आली. पाच दिवस आयसीयूत होता. ते पाच दिवस मी जेवले, झोपले, कामावर गेले, आणि त्यातलं काहीही मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं की रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी त्याचा नंबर टाकून बघायचे, कुठून काही आलंय का.

दसऱ्यानंतर डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. त्या इतक्या शांत बोलत होत्या की भीती वाटत होती. "फोन झाला नव्हता आणि येसची खूण होती. हे कसं झालं?"

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते की नाही, ते आता ठरवता येणार नाही, कारण ती आधी बोलली.

"चूक माझी आहे, मॅडम. येस माझ्या स्क्रिप्टने दाबलं. ती खिडकी काय विचारतेय हे मी नीट वाचायला हवं होतं."

पाणी दे गं म्हणावं इतक्या सहज ती हे बोलली. आवाज कापला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरबाई तिला बरंच काही बोलल्या, तिने ऐकून घेतलं. आणि मी तिथे, त्या क्षणी, एक माणूस कल्याणला नळ्या लावून पडलेला असताना, तिच्यावर जळत होते. टाइपिंगवरून नाही, चहावरून नाही. 'चूक माझी' हे शब्द तिच्या तोंडातून असे निघतात आणि माझ्या निघत नाहीत, म्हणून. लाज वाटली, पण लाजेच्या आधी हेवा वाटला. क्रम तोच होता.

बाहेर आल्यावर तिने स्क्रिप्ट बंद केली. आठवडाभर मी पुन्हा पट्टा बांधून टाइप केलं. पहिला चहा पुन्हा माझ्याकडे यायला लागला. तो मी निवत ठेवायचे आणि नंतर बेसिनमध्ये ओतायचे.

आकडी आल्यापासून सहाव्या दिवशी आंबिवलीच्या त्याच नंबराखाली हॉस्पिटलमधून सँपल आलं. सोडियम एकशे चौतीस, जवळजवळ नॉर्मल. मी तो आकडा टाइप केला, पुसला आणि परत टाइप केला.

पुढच्या सोमवारी ती लवकर आली, माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि मला बोलावलं. "ताई, आता लाल खिडकी आली की स्क्रिप्ट स्वतः काही दाबणार नाही. थांबेल. आणि तुमच्यासाठी एक खिडकी उघडेल. तुम्ही त्यात उत्तर दिलंत तरच पुढे जाईल. मॅडमना सांगितलंय, हे काम फक्त तुम्हीच करणार."

"दाखव," मी म्हटलं.

तिने एक खोटा आकडा भरून दाखवला. लाल पट्टीची इंग्रजी खिडकी आली, सगळं थांबलं, आणि तिच्यावर एक छोटी पांढरी खिडकी उघडली. तिच्यात मराठीत एकच ओळ होती. यानंतर काही करता का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

मी ते वाक्य वाचलं, परत वाचलं. मग विचारलं, "असं काय लिहिलंयस?"

"तेव्हा मी तुम्हाला हेच विचारलेलं ना," ती म्हणाली. "तेच ठेवलं." ती चार्जरची वायर गुंडाळत होती. वायर नीट गुंडाळून झाली, रबर लावून झालं, तरी तिने वर बघितलं नाही. मग काउंटरवर पेशंट आला म्हणून उठून गेली.

म्हणजे तिला कळलं होतं. कदाचित डॉक्टरबाईंच्या खोलीत उभी होती तेव्हाच कळलेलं असेल. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर दुपारच्या डब्याच्या आत ते आंबिवलीपर्यंत पोचलं असतं.

सव्वाअकराच्या सुमारास खरी लाल खिडकी आली. बाई, वय एकसष्ट, साखर अडतीस. स्क्रिप्ट थांबली आणि पांढरी खिडकी उघडली. तिच्याकडे बघत मी फोन उचलला. डॉक्टरांनी चौथ्या वेळी घेतला, तोपर्यंत लॅबमधलं सगळं काम त्या एका वाक्यापाशी अडलेलं होतं. मी आकडा सांगितला, त्यांनी परत म्हणून दाखवला, मी हो म्हटलं. फोन ठेवून मी माऊस धरला आणि काउंटरकडे बघितलं. ती कोणाची तरी पावती फाडत होती.

मी 'हो' दाबलं.